सोमवारच्या बायका

“उद्या घेऊ,” मी म्हणालो. पोटॅशियम जरा खाली वाटतंय, आजचा दिवस जाऊ दे, उद्या सकाळी पहिला नंबर लावू. खिडकीच्या उजेडात एक्स-रे धरून मी हे बोललो आणि बोलताना मला काही म्हणजे काही वाटलं नाही. बाहेर पडताना दाराला कुलूप आपला हातच लावतो, आपण लावत नाही. तसं ते वाक्य तोंडातून निघून गेलं. माझी सहायक शेजारी उभी होती. नऊ वर्षं ती टेबलाच्या पलीकडे माझ्यासमोर उभी राहून हाडं जोडते आहे आणि गरजेपेक्षा एक शब्द जास्त बोलत नाही. ती केसपेपरकडे बघत हळूच म्हणाली, “सर, आता वार बघायचं कारण नाही. अभ्यास संपलाय आपला.” झालं. एवढंच. सोमवार होता, सकाळचे साडेदहा झाले होते, आणि भूलतज्ज्ञ नऊलाच येऊन, पेशंट आज ऑपरेशनला फिट आहे असं ठसठशीत अक्षरात लिहून, खाली सही ठोकून गेला होता. पोटॅशियम उत्तम होतं. मी चष्मा पुसून कागद पुन्हा पाहिला, तरी ते उत्तमच राहिलं. आणि पेशंट म्हणजे माझी थोरली बहीण, ताई, काल संध्याकाळी पायपुसण्यात चपलेचा अंगठा अडकून स्वयंपाकघराच्या दारात पडलेली.

दहा मिनिटांत येतो म्हणून मी माझ्या खोलीत आलो आणि खुर्चीत बसलो. बसलो म्हणजे पडलोच. हल्ली मी असाच बसतो. तीस वर्षं एक्स-रेच्या किरणांपासून बचावाचा शिशाचा जड एप्रन अंगावर घालून उभं राहिलेल्या माणसाचे खांदे संध्याकाळपर्यंत कसेबसे तग धरतात, माझे आता सकाळीच हात टेकतात. टेबलावर आमच्या लेखाची शेवटची प्रुफं पडली होती, उद्यापर्यंत तपासून परत पाठवायची. लेखाचा विषय असा की, हाडं ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्या माणसांचा खुबा मोडला तर तो कशानं जोडावा. मांडीचं हाड वर जिथं खुब्याकडे वळतं तिथं ते मोडतं. उंचावरून पडावं लागत नाही, नुसतं वळताना तोल गेला तरी पुरतं. जोडायच्या रीती मुख्यतः दोन. एक म्हणजे बाहेरून मांडीच्या हाडाला प्लेट लावायची आणि तिच्यातून एक जाड स्क्रू खुब्याच्या गोळ्यात फिरवायचा. दुसरी म्हणजे हाडाच्या पोकळीत आतून नेल घालायचा, म्हणजे सळईच, आणि तिच्यातून तो स्क्रू वर न्यायचा. नातेवाईक दोन्हीला रॉडच म्हणतात आणि रॉड चांगला आहे ना, एवढंच विचारतात. चांगल्या हाडात दोन्ही चालतात. वाईट हाडात स्क्रू हळूहळू गोळा कुरतडत वर सरकतो आणि एक दिवस बाहेर डोकावतो. मग म्हातारी पुन्हा खाटेवर, आणि पुन्हा उठेलच असं नाही. तर यातलं बरं कुठलं? तीन वर्षं मी या एका प्रश्नाच्या मागे होतो. कुणाला काय घालायचं हे आपल्या मर्जीवर ठेवलं तर आपण आपल्या आवडीचं ठरवणार, म्हणून मी सोपा नियम केला. सोमवारी आणि गुरुवारी ऑपरेशन होईल तिला प्लेट, मंगळवारी आणि शुक्रवारी होईल तिला नेल. हाड काही वार बघून मोडत नाही, असं मी तेव्हा सभेत म्हणालो होतो आणि लोक हसले होते. मला तो नियम फार आवडला होता. आपल्या हातात काही ठेवलं नाही याचं एक समाधान असतं.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

आता या खोलीत बसून मला त्या तीन वर्षांतल्या सोमवारच्या बायका आठवायला लागल्या. बायकाच, कारण दहातल्या आठ बायकाच असतात. एक्स-रे हातात घेतला की मला कळायचं. काही हाडं फोटोत पांढरी दिसतात, काही इतकी विरळ की मागचा उजेड त्यांच्यातून येतो. अशा हाडात ड्रिल घातला तर हाताला काही लागतच नाही, चहात बुडवलेल्या बिस्किटात बोट जावं तसं ते जातं. अशा बाईला प्लेट? माझं मन घ्यायचं नाही. मनातून मी नेलवाला. आणि मग मी काय करायचो, तर काही करायचो नाही. नियम मोडायचो नाही. फक्त म्हणायचो, आज जरा दम लागतोय त्यांना, उद्या घेऊ. लघवी कमी झालीय, उद्या घेऊ. मुलगा परगावाहून यायचाय ना, मग उद्याच घेऊ. उद्या मंगळवार असायचा. गुरुवारचा उद्या शुक्रवार असायचा. मी खोटं बोललो असं मला एकदाही वाटलं नाही, देवाशपथ. म्हाताऱ्या माणसात शोधलं की काही ना काही सापडतंच. आज माझं रक्त तपासलं तरी सापडेल. आणि मंगळवारी आलेल्या बाईला गुरुवारपर्यंत थांबवावं असं तीन वर्षांत मला कधीच सुचलं नाही. म्हणजे झालं असं की, कुजकी हाडं सगळी नेलच्या बाजूला गेली आणि बरी हाडं प्लेटच्या बाजूला राहिली, आणि तीन वर्षांनी बेरीज करून आम्ही जगाला सांगितलं की दोन्हीत फरक नाही. घोड्याला चढावर आणि गाढवाला उतारावर पळवून दोघं सारखेच पळतात म्हणण्यातला प्रकार. आता हा लेख वाचून कुठलातरी माझ्यासारखा डॉक्टर, कुठल्यातरी रुग्णालयात, अशाच एका विरळ हाडात प्लेट बसवेल आणि नातेवाइकांना शांतपणे सांगेल की दोन्ही सारखंच आहे, तसा अभ्यास झालाय.

पण मला घाम फुटला तो याच्यानं नाही. मला एक कपडे शिवणाऱ्या बाई आठवल्या. वय त्र्याऐंशी, उजव्या हाताच्या तर्जनीला सुयांनी घट्टा पडलेला. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी माझ्या कोटाची उसवलेली शिवण पाहिली आणि काढून द्या म्हणाल्या, पडूनच आहे तर टाके घालते. सोमवार होता. त्या फिट होत्या. मी म्हणालो, उद्या सकाळी पहिला नंबर तुमचा. त्यांनी विचारलं, आजच का नाही हो, दुखतं फार. मी खांद्यावर थोपटून हसलो. मला ते हसणं आठवतं, कारण ते माझं ठेवणीतलं आहे. मंगळवारी सकाळी साडेसातला त्या उठून बसायला गेल्या आणि पायातली गुठळी फुप्फुसात गेली. मी येईपर्यंत खाटेभोवतीचा पडदा ओढलेला होता. ऑपरेशन सोमवारी झालं असतं तर त्या वाचल्या असत्या का? कुणी सांगावं; ऑपरेशननंतरही गुठळी होते. पण मोडलेला खुबा घेऊन पडून राहण्याचा एकेक दिवस म्हाताऱ्या जिवाला भारी असतो, हे मीच दरवर्षी नव्या मुलांना फळ्यावर लिहून शिकवतो. आणि त्या बाई अभ्यासात कुठंच नाहीत. अभ्यास ऑपरेशन झालेल्यांचा. त्यांना ना प्लेट लागली ना नेल. अशा आणखी दोघी मला आठवल्या, एक शाळेतल्या शिपाईबाई आणि एक, जिच्याबद्दल मला आता फक्त तिची हिरवी लोकरी टोपी आठवते.

खिडकीखाली कुणीतरी व्हीलचेअर ढकलत नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं. उठावं, ताईकडे जावं, असं वाटत होतं आणि उठवत नव्हतं. ताई माझ्याहून सतरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो; पुढचं सगळं ताईनंच केलं, आणि लग्नाचं विचारलं की म्हणायची, एक कार्टं आधीच पदरात आहे. ती छापखान्यात प्रुफं तपासायची. एकतीस वर्षं तपासली. काम घरी आणायची तेव्हा मी मूळ कागद हातात घेऊन मोठ्यानं वाचायचो, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट, आणि ती छापलेल्या ओळीवर पेन्सिल फिरवत जायची. मी आठ-नऊ वर्षांचा असताना एका कारखान्यात स्फोट झाला, त्यात गेलेल्या कामगारांच्या आठवणीची एक पुस्तिका छापायची होती. शेवटी नुसती नावं, छत्तीस. मला खेळायला जायचं होतं. लागोपाठ दोन नावं एकाच आडनावाची आली आणि मी एक गाळलं. चुकून नव्हे. दोन्ही सारखीच तर आहेत, असं मनात म्हणून गाळलं. पुस्तिका छापून आली, आणि चार दिवसांनी त्या माणसाची बायको छापखान्यात येऊन नुसती उभी राहिली. ताईनं माझं नाव सांगितलं नाही. तीनशे प्रती घरी आणल्या आणि प्रत्येकीत त्या दोन नावांच्या मध्ये काकपद काढून, म्हणजे गाळलेला मजकूर इथं घ्या असं सांगणारी ती कावळ्याच्या पायासारखी खूण काढून, समासात शाईनं ते नाव लिहिलं. मला म्हणाली, तू शाईची दौत धर. एवढीच शिक्षा. आठवडाभर मी दौत धरून बसलो होतो आणि ती एका शब्दानं रागावली नाही, आणि मला वाटत होतं की रागावून टाकावं हिनं एकदाचं.

शेवटी उठलो. वॉर्डात ताईच्या पायाला वजन लावलेलं होतं आणि ती छताकडे बघत होती. हल्ली ती फार लहान दिसते. मला बघून म्हणाली, तुझं का तोंड उतरलंय, पाय माझा मोडलाय. मी हसलो, पण ते ठेवणीतलं हसू तिच्यापुढे चालत नाही. मग तिनं उशाशी ठेवलेली कापडी पिशवी मागितली. पडलेल्या अवस्थेत, शेजारीण तिला गाडीत घालत असताना, तिनं ही पिशवी आठवणीनं बरोबर घेतली होती. तिच्यात चष्मा, औषधांची चिठ्ठी आणि मी गेल्या आठवड्यात तिच्याकडे दिलेली लेखाची पानं होती. लेखात निष्कर्षाच्या आधी एक लांबलचक तक्ता आहे, शहाण्णव पेशंटांचा: वय, कुठल्या वारी ऑपरेशनला फिट ठरले, कुठल्या वारी ऑपरेशन झालं, काय बसवलं, पुढं काय झालं. आकड्यांत छापण्याची चूक राहू नये म्हणून मी तो तिला दिला होता; खरं म्हणजे तिला काहीतरी काम असावं म्हणून. तिनं तो तिच्या पद्धतीनं तपासला होता, खालून वर. शेवटच्या ओळीपासून सुरू करायचं, म्हणजे मजकुराच्या अर्थात माणूस गुंतत नाही, आणि गुंतला नाही की त्याला दिसतं. पेन्सिलीनं समासात छोटी छोटी प्रश्नचिन्हं केली होती. मला हाडांतलं काही कळत नाही बाबा, ती म्हणाली, पण अकरा ठिकाणी हे दोन वार जुळत नाहीत. फिट सोमवारी, ऑपरेशन मंगळवारी. फिट गुरुवारी, ऑपरेशन शुक्रवारी. अकराच्या अकरा ऐंशीच्या पुढच्या. उलट एकही नाही. आधी तिला वाटलं, अक्षरजुळणी करणाऱ्यानं घोळ घातला. मग तिला वाटलं, जुळणी करणारा असा निवडून घोळ घालत नसतो.

मी स्टूल ओढून बसलो. पलीकडच्या खाटेवरच्या बाईचा रेडिओ बारीक आवाजात बाजारभाव सांगत होता.

“धाकट्या,” ताई म्हणाली, “बाहेरून पट्टी लावली काय नि आतून सळई घातली काय, फरक नाही, असं शेवटी लिहिलंयस.”

“हो.”

“मग मला काय घालणार?”

“सळई.”

“का?”

तुझं हाड विरळ आहे, मी म्हणालो, प्लेट धरणार नाही. तिनं मान हलवली. समजुतीनं हलवली, आणि तेच मला लागलं. लहानपणी गणित चुकलं की ती अशीच मान हलवायची आणि वही परत माझ्यापुढे सरकवायची. मग तिनं विचारलं, या अकरा जणी निदान इथं आहेत, पण अशा थांबता थांबता कुणी गेली का?

“तिघी,” मी म्हणालो.

“त्या कुठल्या ओळीत?”

“त्या नाहीत त्याच्यात. ऑपरेशन झालेल्यांचाच अभ्यास असतो, ताई. पद्धत तशीच असते.”

“मग गाळल्यास म्हण की.”

आवाज चढवला नाही. पन्नास वर्षांपूर्वी रागावली नाही तशीच आजही रागावली नाही, आणि मला त्या क्षणी तिचा संताप आला, खरंच आला. मनात आलं, हिला काय जातंय. या लेखावर माझ्या सहायकेची कायमची नेमणूक अडली आहे, पुढच्या महिन्यात तिची मुलाखत आहे. माझं काय, मी पुढच्या वर्षी घरी बसणार. तिची दोन लहान मुलं आहेत, नऊ वर्षं ती तात्पुरत्या जागेवर झिजली आहे, आणि आता हातातोंडाशी आलेला घास मी काढून घ्यायचा? आणि कशासाठी, तर ज्यांना आता काहीच लागत नाही अशा तीन म्हाताऱ्यांसाठी? हे सगळं मी बोललो नाही. पण ताईला माझं न बोललेलंही वाचता येतं. तिनं डोळे मिटले. दुखत असणार, सकाळपासून तिनं एकदाही दुखतंय म्हटलं नव्हतं. मग डोळे न उघडताच म्हणाली, “मला आजच ने. आणि तू नको हात लावूस, तुझं मन जाग्यावर नाही. ती मुलगी आहे ना तुझ्याबरोबरची, तिला सांग.” मी पानं गोळा केली आणि त्यांच्यात ठेवलेली तिची पेन्सिल खिशात टाकली.

बारा वाजता तिला आत नेलं. सहायकेला मी एवढंच म्हणालो की तू कर, मी बाहेर बसतो. तिनं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि बरं म्हणाली. तीस वर्षांत मी त्या दाराबाहेरच्या बाकावर कधी बसलो नव्हतो. बाक अरुंद आहे, पाठीला टेकायला धड जागा नाही, आणि समोरच्या भिंतीवर शांतता राखा लिहिलंय. इथं बसणारा माणूस दुसरं काय राखणार. दोनेक तास नातेवाईक इथं असे बसतात आणि आम्ही बाहेर येऊन अर्ध्या मिनिटात सांगून जातो. मी मनातल्या मनात आतलं सगळं बघत होतो. आता पाय ताणून हाड जागेवर आणलं असेल. आता स्क्रूला वाट दाखवणारी तार वर सरकत असेल, गोळ्याच्या मधोमध जायला हवी, जराही वर नको. ताईच्या हाडात ड्रिलला काही लागणार नाही, मुली, जपून. मला आत जावंसं वाटत होतं आणि मी गेलो नाही. मग खिशातून ताईची पेन्सिल काढली. पानं येताना घेऊनच आलो होतो. एकेचाळीस आणि बेचाळीस या ओळींच्या मध्ये, तारखेच्या हिशेबानं जिथं त्या बाई आल्या असत्या तिथं, काकपद काढलं. पन्नास वर्षांपूर्वी नुसतं बघितलेलं, तरी हाताला जमलं. समासात लिहिलं: स्त्री, त्र्याऐंशी, शिवणकाम, सोमवारी फिट, मंगळवारी सकाळी मृत्यू, ऑपरेशन नाही. मग शिपाईबाई. मग हिरव्या टोपीवाल्या, त्यांचं वय आठवेना, तिथं जागा सोडली. शेवटच्या पानावर, दोन्हीत फरक नाही या वाक्यावर सरळ रेघ मारली आणि खाली लिहिलं की हा लेख असा छापू नये. लिहिल्यावर हलकं वगैरे काही वाटलं नाही. मान दुखत होती तेवढी दुखतच राहिली.

दीडच्या सुमाराला दार उघडलं. सहायक बाहेर आली, टोपीच्या कडेनं कपाळावर वळ उठलेला, एप्रन अजून अंगावरच. मी उठायला लागलो तर तिनं हातानंच बसा म्हटलं. छान बसलं, सर, ती म्हणाली, अगदी मधोमध. भूल कमरेखालचीच होती, ताई सगळा वेळ शुद्धीवर होत्या, मला म्हणाल्या, हातोडीचा आवाज सुताराच्या दुकानातल्यासारखाच येतो गं. मला हसू आलं आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही आलं, ते मी पुसलं नाही. मग तिची नजर माझ्या मांडीवरच्या पानांवर गेली. मी लपवली नाहीत. काहीतरी बोलायला हवं होतं, तुझ्या मुलाखतीचं मला कळतंय, मी वर बोलतो, मी चूक माझ्या एकट्याची म्हणून लिहून देतो, असलं. त्याऐवजी मी पानं तिच्या हातात दिली. तिनं उभ्या उभ्या वाचली. पहिली खूण, दुसरी, तिसरी. शेवटच्या पानावरची रेघ तिनं बराच वेळ पाहिली. मला वाटलं, आता ही पानं फेकून देईल, आणि तिनं फेकली असती तर मी तिला काही म्हणू शकलो नसतो.

“तीन नाहीत, सर,” ती म्हणाली. “पाच. तुम्ही परिषदांना गेला होतात तेव्हाच्या दोघी. तुम्ही फोनवर उद्या म्हणालात आणि मी हो म्हटलं.”

त्या हिरव्या टोपीवाल्यांचं वय एक्क्याऐंशी होतं, हेही तिनं सांगितलं. तिला सगळ्यांची वयं पाठ होती. तिनं एप्रनचा पट्टा सोडला आणि पेन्सिलीसाठी हात पुढं केला. मी पेन्सिल दिली आणि बाकावर सरकून तिला बसायला जागा केली.